इंजिन चालू होतं

इंजिन बंद पडलं नव्हतं.

सकाळपासून प्रभाकर हे एवढंच वाक्य मनात घोळवत होता. वर्ध्याहून सिंदीपर्यंत पॅसेंजरमध्ये घोळवलं, स्टेशनावरून कापूस बाजारात येईपर्यंत घोळवलं, आणि मांडवात शिरताना समोरचा कापडी फलक वाचला तेव्हा ते भातातल्या खड्यासारखं दाताखाली आलं.

फलकावर वरच्या ओळीत होतं : कै. प्रेमदास यांस सिंदीकरांची श्रद्धांजली. खालच्या ओळीत : ‘प्रेमदास’ फवारणी विमान, नामकरण समारंभ.

वरची ओळ चालली असती. खालच्या ओळीनं त्याचं डोकं फिरलं. ज्या बनावटीच्या विमानानं प्रेमदासला मारलं त्याच बनावटीच्या नव्या विमानाला प्रेमदासचं नाव. मारक्या बैलानं माणूस पाडावा आणि गावानं त्याच बैलाच्या शिंगांना बेगड लावावी, तसं.

आणि गाव खूश होतं. सत्तावन्न साल संपत आलं होतं, कापूस घरात येत होता, आणि पुढच्या हंगामात आभाळातून औषध पडणार, अळी मरणार, असं ज्याला त्याला वाटत होतं.

“प्रभाकर, आला का तू? बरं झालं.” बाबाराव समोरून हात पसरून आले. बाजारातले मोठे अडते, आजच्या सभेचे अध्यक्ष. “दोन शब्द बोल जो. तुमी दोघं संगच इमान शिकले ना नागपूरले? मंग तूच बोल. पन गोड बोल जो बाप्पा. कंपनीचे सायेब आले हायेत.”

“खरं बोललो तं चालन ना?”

बाबाराव हसले. “खरं बी गोडच बोल ना लेका.”

*

प्रेमदास हा नानाजींचा एकुलता मुलगा. नानाजींचं रेल्वेच्या फाटकाजवळ जिनिंग. जिनिंगच्या मालकाच्या पोरानं कापसातून सरकी काढणारे रेचे फिरवावेत, रुईच्या गठाणी मोजाव्यात, तर हा नागपूरच्या फ्लाइंग क्लबात गेला, मग हवाई दलात गेला, आणि ते सोडून टेस्ट पायलट झाला. म्हणजे काय, हे सिंदीत कुणालाच कधी नीट कळलं नाही. नानाजी प्लॅटफॉर्मवर भेटेल त्या व्यापाऱ्याला सांगायचे, “नवं इमान बनलं का पह्यले माह्या पोराले बसवतेत. त्यानं हो म्हटलं तरच पुढं.” आणि हे त्यांनी अगदी बरोबर सांगितलेलं असायचं.

मद्रासच्या बाजूला एका खाजगी कंपनीनं पिकावर औषध फवारायचं छोटं विमान बनवलं. प्रेमदास त्याची परीक्षा घेत होता. पोळ्याच्या आधी, भरल्या पावसाळ्यात, एका उघडिपीच्या सकाळी ते विमान त्याच्यासकट जमिनीत गेलं.

तार आली ती इंग्रजीत. त्यात एक शब्द होता : स्टॉल्ड.

सगळा घोळ त्या शब्दाचा.

पोस्टमास्तरला स्टॉल एकच ठाऊक, स्टेशनावरचा चहाचा. तार बाबारावांकडे गेली. बाबारावांकडे मोटारगाडी होती, मोटारगाडीमुळे इंग्रजी होतं. ते म्हणाले, “स्टॉल म्हंजे बंद पडनं. चढावर मोटर स्टॉल होते ना, तसंच. इंजिन बंद पडलं बिचाऱ्याचं.” नागपूरच्या पेपरात दुसऱ्या दिवशी तेच छापून आलं, की इंजिन बंद पडल्याने विमान कोसळले. छापून आलं म्हणजे झालंच.

आता इंजिन बंद पडलं, हे दुसरीकडे कुठं म्हटलं तर लोक हळहळतील. सिंदीत तसं नाही. सिंदीत जिनिंगचं इंजिन बंद पडलं की सगळे रेचे ठप्प होतात, बाया हात झटकून उठतात, बाहेर कापसाच्या बैलबंड्यांची रांग सडकेपर्यंत जाते, आणि मालक ओसरीतून एकच प्रश्न ओरडतो : डायवर झोपला होता का? सिंदीत इंजिन आपोआप बंद पडतच नाही. कुणीतरी ते बंद पडू देतं. भर हंगामात इंजिन बंद पडलं म्हणून याच नानाजींनी इंजिनावरच्या डोमाजी डायवरला हाताला धरून फाटकाबाहेर घातलं होतं. पुन्हा आत घेतलं नाही ते नाहीच.

तार ऐकून नानाजी म्हणाले होते, “तेल पाह्यलं नसन त्यानं.”

बस. त्यानंतर त्यांनी पोराचं नाव घेतलं नाही. प्लॅटफॉर्मवर जाणं सोडलं. प्रेत आणायला प्रभाकर एकटा गेला. परत आल्यावर तो सांगायला लागला, “नानाजी, इंजिन बंद नोहतं पडलं, मी सोता...” तर म्हाताऱ्यानं हात वर केला. “पडलं ते पडलं. मले पुन्हा सांगू नको.”

दुःख होतं ते होतंच. पण त्या दुःखात लाज मिसळली होती, आणि ती लाज खोटी होती. एका शब्दाच्या चुकीच्या अर्थानं एका बापाला आपल्या पोराची लाज वाटत होती. हे आठवलं की प्रभाकरला कुणाचं तरी बखोट धरावंसं वाटे. पण बखोट धरायचं कुणाचं? पोस्टमास्तरचं? शब्दाचं?

आज धरायला माणूस मिळाला होता. तो व्यासपीठावर मधल्या खुर्चीत बसला होता, पायावर पाय टाकून.

*

(स्टॉल म्हणजे काय ते प्रभाकरला एकदाच कळलं होतं, आणि तेही कानांनी.

नागपूर. एकावर एक दोन पंखांचं शिकाऊ विमान. पुढच्या जागेवर प्रेमदास, मागं तो. प्रेमदासनं नाक वर उचललं. अजून वर. तारांमधून वाऱ्याची जी शिट्टी सारखी वाजत असते ती बारीक झाली. अजून बारीक. इंजिन मजेत चालू होतं, घर्रर्र, त्याला काही झालेलं नव्हतं. विमानाच्या अंगात हुडहुडी भरली. आणि मग

खाली काही नव्हतं.

खुर्ची, पोट, आभाळ, सगळं एकदम सुटलं. प्रभाकरनं दांडा जिवाच्या आकांतानं छातीशी ओढला. पडणारा माणूस वरच ओढतो. पुढून प्रेमदास बोंबलत होता, “सोड! ढकल! पुढं ढकल, येड्या!” पुढं ढकलायचा म्हणजे नाक खाली, जमिनीकडे. ज्या जमिनीची भीती वाटते तिच्याकडेच तोंड करून जायचं. प्रभाकरचे हात ऐकेनात. शेवटी प्रेमदासनंच ढकललं. नाक खाली गेलं, शिट्टी परत आली, पंखांनी हवा धरली, विमान पुन्हा विमान झालं.

खाली उतरल्यावर प्रभाकरला ओकारी झाली. प्रेमदास हसून हसून गवतावर लोळला. “अबे, इमानाचं नाक वर केलं का हवा लागते, इमान चढते. पन लयच वर केलं तं हवा पंखावरून सुटते. मंग इंजिन किती का बोंबलेना! तिथं एकच दवाई. नाक खाली.”

“अन् नाक खाली आलंच नाई तं?”

“तं ते इमान नोहे. ती कबर हाय.”)

*

आषाढातल्या आखाडीला प्रेमदास शेवटचा घरी आला होता. पावसाळ्यात जिनिंग बंद. रिकाम्या रेच्यांच्या शेडमध्ये दोघं सरकीच्या पोत्यांवर बसले होते, पत्र्यावर पाऊस तडतडत होता, आणि प्रेमदास तळलेल्या पापड्या खात एखाद्या भांडखोर शेजाऱ्याची चुगली करावी तशी त्या विमानाची चुगली करत होता.

“औषधाची टाकी मांडली कुठं, सांग? माह्या मांगं! खुर्चीच्या मांगं. टाकी रिकामी हाय तवरिक इमान गाईवानी गरीब. भरली का शेपटी जड. स्टॉल केलं तं नाक खालीच येत नाई, लेका. मी ढकलून राह्यलो, ढकलून राह्यलो, अन् ते वर पाहून राह्यलं. दोनदा वाचलो.”

“मंग सांग ना त्याइले.”

“सांगतलं. टाकी पुढं घ्या म्हटलं. सायेब म्हने, नवीन ड्रॉइंग काढा लागन, चार महिने जाईन, अन् पुढच्या महिन्यात तं पाहुने येऊन राह्यले पाह्यले. प्रदर्शन होऊ द्या, मंग पाहू.”

“तू बसू नको.”

प्रेमदासनं पापडी मोडली. “मी नाई बसलो तं पोनप्पा बसन. नवं पोरगं हाय कुर्गाचं. चांगलं उडवते, पन सायेबानं विहिरीत उडी मार म्हटलं तं यस सर म्हनन. त्याच्यापेक्षा म्या बरा. मले माहीत तं हाय ते कुठं चावते.”

“माहीत असून चावून घेतेस, अन् शहाना म्हनवतेस!”

प्रेमदास नुसता हसला. त्या हसण्याचा राग प्रभाकरला अजून होता. मेलेल्या माणसाचा राग करू नये म्हणतात. का करू नये? तो जिवंत होता तेव्हा तर पुरेसा केला नाही.

*

मद्रासकडच्या त्या शेतात विमानाचा सांगाडा अजून तसाच पडलेला होता. भोवती भाताचा चिखल. प्रभाकरनं दुसरं काही बघण्याआधी पुढचा पंखा बघितला. लाकडी पंखा, दोन पाती. इंजिन थांबलेलं असताना विमान पडलं तर एक पातं मोडतं, दुसरं बहुधा शाबूत राहतं. इथं दोन्ही पाती बुडापासून चिंधड्या झाली होती. इंजिन जीव तोडून फिरत होतं. अगदी जमिनीत शिरेपर्यंत.

तिथं उभ्या असलेल्या साहेबाला त्यानं ते दाखवलं. साहेबानं मान डोलावली होती. “हाँ हाँ, वो तो है.” प्रेमदासला ‘मंग पाहू’ म्हणणारा तोच साहेब. कपाडिया. आज व्यासपीठावर, पायावर पाय टाकून.

*

कपाडियांचं भाषण हिंदीत झालं. आवाज गोड, हात जोडलेले. “अचानक इंजन बंद हो गया. मशीन है, क्या करें! मगर हमारे प्रेमदासजी आख़िर तक लड़ते रहे. अगले हफ़्ते ऐसा ही नया हवाई जहाज़ प्रदर्शन के लिए आपके खेतों पर उड़ेगा, और उस पर उनका नाम होगा.”

टाळ्या. मग शेजारी बसलेल्या तरुण पायलटला उभं करून बाबारावांनी हार घातला. हा पोनप्पा. गोरा, लाजरा, कानांच्या पाळ्या लाल झालेल्या. त्याला मराठीचा म येत नव्हता, हिंदी जेमतेम. तो सगळ्यांकडे पाहून हसत होता.

मांडवात मागं बसलेल्यांची मजा चालली होती.

“हे इमान वरून फवारन तं आपल्या डोक्शावर नाई पडन का?”

“तुह्या डोक्शात अळ्या असन तं त्या बी मरन!”

“आस्ते बोला बे. नानाजी बसले हायेत.”

नानाजी पहिल्या ओळीत होते, काठीवर दोन्ही हात, नजर काठीच्या टोकाशी. त्यांना अक्षरशः हाताला धरून आणलं होतं.

“आता प्रेमदासजीचे जिवलग दोस्त,” बाबाराव म्हणाले, “दोन शब्द.”

प्रभाकर माइकसमोर गेला.

“बंधू-भगिनींनो, आज आपण इथं एका शूर...”

नाही.

“मित्रहो, प्रेमदासच्या जाण्यानं जी पोकळी...”

नाही. थू.

“इंजिन बंद नोहतं पडलं,” तो म्हणाला.

कपाडियांचा वरचा पाय खाली आला. बाबाराव खुर्चीतून अर्धे उठले. मागून म्हाताऱ्या डोमाजीचा आवाज आला. तोच, नानाजींनी हाकललेला डायवर. त्याला या विषयात गोडी असणारच. “मंग काय बंद पडलं?”

“काहीच नाई पडलं, डोमाजी. हवा सुटली.”

“कोनाची?”

मांडव फुटला. बाया तोंडाला पदर लावून हसल्या, पोरं एकमेकांना ढकलायला लागली. प्रभाकरच्या कानशिलात आग पेटली. मेलेल्या मित्राचं मरण सांगायला त्याच्या भाषेत शब्दच नव्हता. इंग्रजीत एक होता, त्याचा अर्थ गावानं चुकीचा लावला होता. मराठीत काढायला जावं तर पादण्यावर जात होतं.

“हसा!” तो ओरडला. भोंगा किंचाळला. “हसा, हसून घ्या! आन् मंग एक सांगा मले. इथं बंडी कोन कोन हाकते?”

हसणं विरलं. हा काय प्रश्न? सगळेच हाकत होते.

“बंडी मांगून जड भरली तं काय होते?”

“उलाळ होते,” चारपाच जण एकदम म्हणाले. त्यात काय सांगायचं?

“उलाळ होते. जू वर उचलते. जुपन्या बैलाच्या गळ्याले लागतेत. बैल काय करन? जोर लावन?”

“बैल काय करन बाप्पा! त्याचे पायच जमिनीले नाई लागत.”

“हां. मंग बैलानं बंडी पाडली, असं कोनी म्हनते का?”

दोघातिघांनी नकारार्थी माना हलवल्या. आता कुणी हसतही नव्हतं.

“प्रेमदासचं इमान उलाळ होतं,” प्रभाकर म्हणाला. “औषधाची टाकी खुर्चीच्या मांगं. भरलेली. इमानाचं नाक जास्त वर गेलं का ते पडाले लागते. इंजिन चालू असून पडते. तवा नाक खाली घ्या लागते, मंग ते सावरते. प्रेमदासले हे तुमच्या-माह्यापेक्षा चांगलं माहीत होतं. त्यानं नाक खाली दाबलं असन, पुरी ताकद लावून दाबलं असन. पन मांगचं ओझं नाक खाली येऊ देईना. इंजिन चालू होतं. मी पंखा पाह्यला या डोयानं. त्यानं तेल पाह्यलं होतं, सगळं पाह्यलं होतं. तो डायवर झोपला नोहता.”

हे शेवटचं त्याला बोलायचं नव्हतं. पण निघालं तोंडातून. डोमाजीनं मान खाली घातली. पहिल्या ओळीतली काठी हलली.

नानाजी उभे राहिले. उभं राहायला त्यांना वेळ लागला.

“बंडी कोनं भरली होती?” ते म्हणाले.

प्रभाकरनं बोट दाखवलं. कपाडिया हसायचा प्रयत्न करत होते. “देखिए, ये टेक्निकल बातें हैं, यहाँ...”

“तू थांब,” नानाजी कपाडियांना म्हणाले आणि प्रभाकरकडे वळले. “प्रेमदासले माहीत होतं? उलाळ हाय म्हनून?”

“होतं.”

“मंग बसला काऊन?”

हा प्रश्न प्रभाकरनं चार महिने स्वतःला विचारला होता. दरवेळी एक शिवी हासडून मिटवला होता. इथं शिवी देता येत नव्हती. “मी नाई बसलो तं दुसरा बसन, म्हने. त्याले माहीत नसन. म्हनून.”

“दुसरा कोन?”

प्रभाकरनं पोनप्पाकडे पाहिलं. नानाजींनीही पाहिलं. पोनप्पा हार घालून बसला होता आणि सगळे आपल्याकडे पाहतात म्हणून नम्रपणे हसत होता.

“हा?”

“हा.”

“तू आता बोलला, ते याले समजलं का?”

अख्ख्या बाजाराला प्रभाकरनं समजावलं होतं. बाबारावांना, डोमाजीला, हसणाऱ्या बायांना. त्या विमानात जन्मात न बसणाऱ्या एकूणएक माणसाला. जो पुढच्या आठवड्यात बसणार होता तो एकटाच काही न कळता हसत होता. या सभेत याच्याइतकी मूर्ख गोष्ट दुसरी झाली नव्हती, आणि ती त्यानं स्वतः केली होती.

“त्याच्या बोलीत सांग त्याले,” नानाजी म्हणाले. “आत्ता सांग. माह्यासमोर.”

प्रभाकर माइक सोडून पोनप्पाच्या खुर्चीपाशी गेला आणि इंग्रजीत बोलायला लागला. भराभर, खालच्या आवाजात, एक उडवणारा दुसऱ्याशी बोलतो तसं. टाकी. शेपटी. ढकललं तरी वर पाहणारं नाक. दोनदा वाचलेला प्रेमदास. कपाडियांनी मध्येच प्रभाकरच्या खांद्यावर हात ठेवला. त्यानं तो झटकला, जरा जास्तच जोरात. कपाडियांचा चष्मा खाली पडला. कुणी उचलला नाही.

पोनप्पाचं हसू हळूहळू ओसरलं. तो म्हणाला, “पण टाकी पुढं घेतली आहे ना आता? मला तसं सांगितलं.”

“कुणी?”

पोनप्पा वळला. “सर? टाकी पुढं घेतली ना?”

कपाडिया चष्मा शोधत वाकले होते. वाकूनच बोलले, इंग्रजीत. ड्रॉइंग तयार आहे. मंजुरीला गेलं आहे. हे विमान तात्पुरतं. काळजीपूर्वक उडवलं तर काही...

“काय म्हनते?” नानाजींनी विचारलं.

“ड्रॉइंग झालं म्हनते.”

“मले ड्रॉइंग नाई समजत.” नानाजी काठी टेकत व्यासपीठाच्या कडेपर्यंत आले. त्यांचं डोकं कपाडियांच्या गुडघ्याएवढं आलं, पण खाली वाकून बघतायत ते कपाडिया असं कुणालाच वाटलं नाही. म्हातारा हिंदीत बोलला, सिंदीच्या व्यापाऱ्याच्या खरखरीत हिंदीत. “साहब. टाकी हटाई, के नहीं हटाई? एक बात बोलो.”

“देखिए चाचाजी...”

“चाचा मत बोलो. हटाई?”

मांडवाबाहेर कुणाची तरी बंडी वजनकाट्यावर चढत होती, तिच्या चाकांची करकर ऐकू आली.

“नहीं,” कपाडिया म्हणाले.

पोनप्पा उठला. गळ्यातला हार त्यानं काढला, कुठं ठेवावा ते कळेना म्हणून हातातच धरला, आणि मागच्या बाजूनं व्यासपीठावरून उतरला. कपाडियांनी त्याला हाक मारली. तो थांबला, पण परत वर चढला नाही. त्यानं प्रभाकरला एकच विचारलं, पायलटनं पायलटला विचारावं तसं कोरडं : नाक खाली येत नाही म्हटल्यावर प्रेमदासनं आणखी काय काय करून पाहिलं असेल?

“मला माहीत नाही,” प्रभाकर म्हणाला. “कुणालाच माहीत नाही. माहीत असणारा एकच होता, त्याला यांनी मारला.”

इतक्या मोठ्यानं बोलायची गरज नव्हती. तो बोलला.

बाबाराव घाम पुसत पुढं आले. “नानाजी, बसा ना बाप्पा. पाहुने हायेत. आपन मंग शांतपने बसून बोलू. इमान आलं तं समद्या गावाचं भलं हाय. अन् नाव तं तुमच्याच पोराचं लागून राह्यलं, मानच हाय ना तो...”

नानाजी त्यांच्याकडे वळले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्यांची मान ताठ होती, आणि तोंडावर जे होतं ते दुःख नव्हतं.

“मान हाय ना? मंग तुमचं लावा, बाबाराव.”

“नानाजी...”

“लावा ना. रंगवाला आला असन संग. बोलवा त्याले. ‘बाबाराव’ असं मोठ्या अक्षरात लिव्हा म्हना, अन् पह्यल्या खेपेले तुमी बसा मांगं, टाकीजवळ. मी येतो पाह्यले. अख्खी सिंदी येईन.”

बाबारावांनी कपाडियांकडे पाहिलं. कपाडियांनी बाबारावांकडे पाहिलं.

नानाजी तिथंच उभे राहिले, उत्तराची वाट पाहत.